भावाच्या मानेचं ऑपरेशन सोलापुरातच केलं, दहा महिन्यांनी रिव्ह्यू लिहितेय

चार स्टार देतेय. पाचवा का नाही ते खाली लिहिलंय, डॉक्टरांमुळे नाही, बिलिंग काउंटरमुळे. मोठं लिहिणार आहे, कारण जानेवारीत मी स्वतः रात्र रात्र मोबाईलवर शोधत बसले होते की बाबा मानेचा मणका गाठीमुळं मोडला तर पुढं काय करतात, आणि आपल्या भाषेत एक ओळ मिळत नव्हती. कुणाला तरी उपयोग होईल.

माझा धाकटा भाऊ, वय १९, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. दिवाळीपासून मान दुखते मान दुखते म्हणत होता, आम्ही म्हटलं दिवसभर गठ्ठे उचलतोय, दुखणारच. गल्लीतल्या दवाखान्यात दाखवलं, गोळ्या दिल्या मलम दिलं, चार दिवस बरं की परत तेच. रात्री उठून बसायचा, उशी काढून टाकायचा, परत घ्यायचा. आणि आता आठवलं तरी पोटात गोळा येतो असं एक म्हणजे दाढी-कटिंग झाली की सलूनमध्ये मान दोन्हीकडून कडाकडा मोडून घ्यायचा, "अक्का दोन तास तरी बरं वाटतंय बग" म्हणायचा. तेव्हा त्याच्या मानेतला एक मणका आतून पोखरून कवचासारखा झालेला होता आणि आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

गड्ड्याला, म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या यात्रेला, अक्षता सोहळ्याच्या दिवशी माझ्या पोरानं हट्ट केला की नंदीध्वज बघायचे, मामानं त्याला खांद्यावर घेतला. गर्दी तुम्हाला माहितीच आहे, एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र झालं, सगळे हात वर, पोरगं वर बसून नाचायला लागलं आणि तोल जातोय म्हणून त्यानं मामाचं डोकं धरून मागं ओढलं. भाऊ खालीच बसला. ओरडला पण नाही, फक्त पोराला माझ्याकडं दिलं आणि दोन्ही हातांनी स्वतःची मान धरून बसला. तो चेहरा मी विसरणार नाही.

घरी आणला, गरम पाण्याची पिशवी दिली. दुसऱ्या दिवशी उजव्या हाताचा अंगठा बधिर, शर्टाचं बटण लावता येईना. दुसऱ्या एका ठिकाणी एक्सरे काढला, तिथं सांगितलं पाचवा मणका दबलाय, टीबी असणार, औषध चालू करून टाकू. आपल्याकडं मणक्याचा टीबी भरपूर आहे त्यामुळं पहिला संशय तोच येणार हे मला आता कळतं, पण मणक्यातला तुकडा काढून न तपासता नुसत्या एक्सरेवरून गोळ्या चालू करायच्या हे शेजारच्या नर्सबाईंना पटलं नाही, त्यांनीच ह्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं. त्यांचे उपकार आहेत.

आम्ही त्याला रिक्षातून घेऊन आलो. इथल्या डॉक्टर सरांनी एक्सरे बघितला, आणि पहिलं काम काय केलं तर खुर्चीतून उठून स्वतः त्याच्या मागं जाऊन उभे राहिले, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि सिस्टरला स्ट्रेचर आणि कडक कॉलर आणायला सांगितलं. तोपर्यंत हात सोडले नाहीत. "मावशी, आता ह्याला मी सांगेपर्यंत बसवायचं नाही," एवढंच आईला म्हणाले. तिथंच मला कळलं की आपण किती मोठी चूक करत आलोय, आणि हेही कळलं की आता माणूस योग्य हातात आलाय.

मग सीटी आणि एमआरआय. सीटी हाड किती उरलंय ते बघायला आणि एमआरआय मज्जारज्जूवर दाब किती आहे ते बघायला, दोन्ही लागतात, एकावर भागत नाही असं सरांनी सांगितलं. (एमआरआयचं मशीन त्या दिवशी बंद होतं, एक दिवस वाया गेला, ते सोडून देते.) रिपोर्ट आल्यावर सरांनी आम्हा तिघांना, आई, मी आणि माझे मिस्टर, कॉम्प्युटरसमोर बसवलं. स्क्रीनवर पाचव्या मणक्यात काळे-पांढरे कप्पे दिसत होते आणि प्रत्येक कप्प्यात वर एक रंग खाली एक रंग, मधे सरळ आडवी रेघ. सर म्हणाले, "ताक भांड्यात ठेवलं की वर निवळ पाणी येतं आणि दाट खाली बसतं ना, तसं ह्या पोकळ्यांत रक्त साठून बसलंय." आईला लगेच समजलं. ह्या गाठीला अॅन्युरिझमल बोन सिस्ट म्हणतात, जास्त करून वीस वर्षांच्या आतल्या पोरांना होते, कॅन्सर नाही, शरीरात दुसरीकडं पसरत नाही, पण आहे तिथं हाड फुगवून पोखरत राहते. आणि दोन मणक्यांच्या मधल्या चकत्या शाबूत होत्या, टीबीत बऱ्याचदा चकतीपण खराब होते, म्हणून टीबीची शक्यता कमी वाटतेय म्हणाले.

तरी पण तुकडा तपासल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही. हे मला सगळ्यात जास्त आवडलं. आम्ही घाबरून म्हणत होतो की सर उद्याच ऑपरेशन करा, ते म्हणाले नाही, अशीच दिसणारी दुसरी गाठ असते, हाडाच्या कॅन्सरचा एक प्रकारपण असाच रक्तानं भरलेला दिसतो, आणि जायंट सेल ट्यूमर नावाची हाडाची गाठ असेल तर त्याला वेगळं इंजेक्शन असतं, त्यामुळं आधी बायोप्सी. सीटी मशीनमध्ये झोपवून सुईनं तुकडा घेतला, त्यातलाच थोडा टीबीच्या तपासणीला पाठवला, आणि स्लाइड मुंबईला दुसऱ्या मतासाठी पाठवली. नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस भाऊ पाठीवर झोपून छताकडं बघत होता, कूस बदलायची तर चार माणसं लागायची, एक जण फक्त डोकं धरायला आणि मोजणी तोच करणार, एक दोन तीन म्हटलं की सगळं अंग लाकडाच्या ओंडक्यासारखं एकदम फिरवायचं. वॉर्डातल्या मावशींनी ते मला आणि मिस्टरांना शिकवलं. एकदाही घाई केली नाही, रात्री दोनला बोलावलं तरी चौघं यायचे. त्यांना खास धन्यवाद, नाव लिहीत नाही पण त्या वाचतील तर कळेल त्यांना.

लोकांना वाटतं गाठ साधी आहे, कॅन्सर नाही, म्हणजे सुटलो. आम्हालाही वाटलं होतं, रिपोर्ट आला तेव्हा आईनं सिद्धेश्वराला नारळ बोलला. पण गाठ साधी असली तरी मणका मोडलेला तो मोडलेलाच. मानेत सातच मणके, त्यांच्या मधून मज्जारज्जू जातो, आणि दोन्ही बाजूच्या भोकांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. तिथं हाड आणखी खचलं तर हातपाय जाऊ शकतात. सरांनी एका कागदावर मार्क मांडून दाखवले, मणका किती डळमळीत आहे ते मोजायची एक पद्धत आहे, २०१० मध्ये आली, एकूण १८ मार्क. मानेच्या मधला हलणारा भाग म्हणून २, हालचाल केली की दुखतं म्हणून ३, हाड विरघळलंय म्हणून २, मान पुढं वाकलीय म्हणून २, मणका निम्म्यापेक्षा जास्त दबलाय म्हणून ३, मागच्या बाजूला एकीकडं गाठ पोचलीय म्हणून १. झाले १३. सहापर्यंत स्थिर, सात ते बारा मधलं, तेरापासून पुढं स्थिर नाही, म्हणजे ऑपरेशनचा विचार करायलाच पाहिजे. ही पद्धत मुख्यतः कॅन्सर पसरलेल्या मणक्यांसाठी काढलीय, साध्या गाठीला जशीच्या तशी लावायची नाही पण विचार करायला मदत होते, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. तो कागद अजून माझ्याकडं आहे, देवघरात ठेवलाय.

मी विचारलं सर, आमच्या मावशीच्या कंबरेत सिमेंट भरलं होतं, तसं नाही का करता येणार, सुईनंच काम होईल. न चिडता सांगितलं. म्हणे ते सिमेंट भरायची सुरुवातच मानेच्या मणक्यापासून झालीय, १९८४ मध्ये फ्रान्समध्ये आमियाँ गावात, एका बाईंचा मानेचा दुसरा मणका रक्तवाहिन्यांच्या साध्या गाठीनं खाल्ला होता, त्यात पहिल्यांदा भरलं. पण भावाच्या मणक्याची मागची भिंत फुटलेली, सिमेंट पातळ असताना मज्जारज्जूकडं सरकलं तर भलतंच होईल, आणि गाठ तर आतच राहणार. पटलं. प्रश्न विचारला म्हणून कधी तोंड वाकडं केलं नाही ह्या माणसानं, आणि आम्ही प्रश्न काय कमी विचारले नाहीत.

ओपीडीत बसून बसून दुसऱ्यांचंही कळायचं. बार्शीकडचं आठ वर्षांचं पोरगं होतं, त्याचा मणका रुपयाच्या नाण्यासारखा चपटा झालेला, त्याची बायोप्सी वेगळीच आली, इओसिनोफिलिक ग्रॅन्युलोमा, म्हणजे कॅन्सर नसलेला हाडाचा एक आजार, त्याला ऑपरेशन नाही, फक्त कॉलर आणि तपासण्या, वाढत्या वयात मणक्याची उंची बरीचशी परत येते म्हणे. मोहोळचे एक काका तर रडत बसले होते, पाठीच्या एमआरआयमध्ये हेमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, लिहून आलं म्हणून. सरांनी त्यांना पाठीवर हात ठेवून सांगितलं की साधारण दहातल्या एकाच्या मणक्यात हे असतं, बहुतेकांना जन्मभर त्रास देत नाही, घरी जा आणि नीट जेवा. म्हणजे ज्याला गरज नाही त्याला सरळ घरी पाठवतात इथं. मला तरी ह्यानं भरवसा वाटला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पुण्याहून एक डॉक्टर आले, त्यांनी जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेऊन गाठीला रक्त देणाऱ्या फांद्या बंद केल्या. ही गाठ खूप रक्त सांडते, आधी असं केलं की ऑपरेशनमध्ये रक्त कमी जातं. चुकून मेंदूच्या धमनीत काही गेलं तर लकवा होऊ शकतो हेपण आधी सांगून सही घेतली, सही करताना माझा हात थरथरत होता. तरी तीन बाटल्या रक्त लागलंच, कारखान्यातली पोरं शिफ्ट सोडून आली रक्त द्यायला, एकानं तर रोजंदारी बुडवली.

दुसऱ्या दिवशी साडेसात तास. भूल देतानासुद्धा मान मागं वाकवायची नाही म्हणून भाऊ जागा असतानाच घसा बधिर करून कॅमेऱ्याच्या नळीनं श्वासाची नळी घातली. मग पुढून, गळ्याच्या बाजूनं, पाचवा मणका आणि गाठ खरवडून काढली, त्या जागी टायटॅनियमचा पिंजरा, आत कंबरेच्या हाडाचे तुकडे भरलेले, चौथ्या आणि सहाव्या मणक्याला पट्टी आणि स्क्रू. नंतर पालथं करून मागून उरलेली गाठ काढून दोन्हीकडं सळ्या बसवल्या, कारण पुढून एकट्यानं भार पेलणार नाही म्हणाले. सगळा वेळ हातापायाच्या नसांचे सिग्नल मशीनवर बघत होते. संध्याकाळी आयसीयूत सरांनी त्याला पहिलं काय विचारलं तर "पाय हलव." हलवला. आई तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

नंतरचा त्रासपण खरा सांगते म्हणजे कुणी घाबरू नये. दोन आठवडे आवाज घोगरा, गिळताना घास अडकायचा. सोलापूरचा माणूस, कडक भाकरी आणि शेंगा चटणीशिवाय ज्याचा दिवस जात नाही, त्याला महिनाभर दुधात कुस्करलेली मऊ भाकरी आणि मुगाची आमटी. अंगठ्याचा बधिरपणा जायला तीन महिने लागले. फिजिओथेरपीच्या मॅडम चांगल्या आहेत, शर्टाच्या बटणांवरच सराव करून घेतला, पहिलं बटण लागलं त्या दिवशी त्यानं मला व्हिडिओ कॉल केला आणि काही न बोलता नुसतं ते बटण दाखवलं.

आता कॉलर, कारण त्याबद्दल कुणी सांगत नाही. फिलाडेल्फिया कॉलर म्हणतात, फोमचे दोन भाग, पुढचा आणि मागचा, बाजूला वेल्क्रो, पुढं गळ्याशी भोक. नवी पेठेतल्या सर्जिकलच्या दुकानातून घेतली. दुकानदारानं आधी हनुवटीपासून छातीच्या हाडापर्यंत आणि गळ्याचा घेर मोजून आणायला लावलं, अंदाजानं दिली नाही, हे चांगलं केलं. एक नंबर मोठी घेतली तर हनुवटी आत घसरते आणि मान हलते, मग घातली काय न घातली काय. तीन महिने घालायची होती, म्हणजे मार्च एप्रिल मे, आणि सोलापूरचा उन्हाळा बेचाळीसच्या वर. आठ दिवसांत हनुवटीखाली पुरळ आलं, मागं डोक्याच्या खाली लाल चट्टा पडला. सिस्टरनं सांगितलं चट्टा दाबून पांढरा होतोय का बघा, नाही झाला तर लगेच दाखवा, जखम व्हायला वेळ लागत नाही. मग मी त्याच्याच कारखान्यातले पातळ सुती नॅपकिन कापून आत अस्तर लावलं, कडेला कुठं सुरकुती राहू द्यायची नाही, दिवसातून तीनदा बदलायचं, पावडर अजिबात नाही, तिचा लगदा होतो. दोन कॉलर घ्या, आंघोळीला जुनी आणि नंतर कोरडी. बदलताना आडवं झोपवूनच, एक भाग काढायचा पुसायचा लावायचा, मग दुसरा, आणि दुसऱ्या माणसानं डोकं धरूनच ठेवायचं. वेल्क्रो दोन महिन्यांत ढिला पडतो, त्यात धागे अडकतात, जुन्या टूथब्रशनं साफ केला की परत धरतो. कॉलर घालून खालचं दिसत नाही, त्यामुळं जिन्यात कायम कुणीतरी पुढं पाहिजे. आमचं घर पहिल्या मजल्यावर, तीन महिने माझं पोरगं मामाच्या पुढं एकेक पायरी मोजत उतरायचं. त्याला अजून वाटतं मामाची मान त्यानंच मोडली. किती समजावलं, सरांनीसुद्धा त्याला मांडीवर घेऊन एक्सरे दाखवला की बघ, इथं आधीपासूनच भोक होतं, तू नव्हतास तरी झालं असतं. त्यासाठी मी ह्या डॉक्टरांना आयुष्यभर विसरणार नाही.

आता जो स्टार कापला त्याबद्दल. खर्च एकूण साडेचार लाखांच्या पुढं गेला. दाखल होताना जो अंदाज दिला त्यात पुण्याच्या डॉक्टरांची फी आणि मागच्या सळ्या धरलेल्याच नव्हत्या, ऑपरेशनच्या आदल्या रात्री साडेआठला काउंटरवरून सांगतात अजून पैसे भरा. त्या वेळी माणूस काय बोलणार. मिस्टरांनी माझ्या पाटल्या ठेवून आणले. महात्मा फुले योजनेचं कुणी एक शब्दानं विचारलं नाही, आम्हालाही सुचलं नाही. नंतर कळलं की भरती झाल्याझाल्या रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्राला भेटायला पाहिजे होतं, आधी मंजुरी लागते, नंतर मागून काही होत नाही. काय बसलं असतं काय नसतं ते वेगळं, पण विचारलं तरी असतं. हॉस्पिटलनं हे पहिल्या दिवशी मोठ्या अक्षरांत लिहून लावलं पाहिजे. मी मॅनेजरला लेखी दिलंय. लिफ्टपण लहान आहे, स्ट्रेचर तिरकं करून घालतात, मान मोडलेल्या माणसाला तसं नेताना जीव खालीवर होतो.

गाठ परत येऊ शकते हे आधीच सांगितलेलं आहे, म्हणून तीन, सहा आणि बारा महिन्यांनी तपासणी, नंतरही काही वर्षं. धातूमुळं एमआरआयमध्ये त्या जागी सावली येते, म्हणून सोबत सीटीपण करतात. तीन आणि सहाचं झालं, पिंजऱ्याच्या वर-खाली हाड धरायला लागलंय, गाठ दिसत नाही. भाऊ ऑगस्टपासून कामावर जातोय, गठ्ठे उचलत नाही, मालकांनी मोजणीच्या टेबलावर बसवलंय. मान उजवीकडं थोडी कमी वळते, गाडी चालवायला अजून परवानगी नाही. सलूनमध्ये जातो, पण खुर्चीत बसल्याबसल्या आधी शर्टाची कॉलर खाली करून गळ्यावरचा व्रण दाखवतो आणि सांगतो, मानेला हात लावायचा नाही.

जाणार असाल तर सकाळी आठच्या आत नंबर लावा, मंगळवारी बाहेरगावची गर्दी असते. जुने एक्सरे, सीडी, बायोप्सीचे कागद, बायोप्सीचा तुकडा ज्यात ठेवतात ते मेणाचे ठोकळे मिळाले असतील तर तेही सगळं बरोबर घ्या, सर सगळं स्वतः बघतात. आणि मानेला मार बसलेलं किंवा हात बधिर झालेलं माणूस असेल तर रिक्षातून बसवून आणू नका, १०८ ला फोन करा, आडवं आणा.